ऑटोक्लेव्हचं हायड्रॉलिक दार लावताना आणि उघडताना

ऑटोक्लेव्ह म्हणजे दाबाखाली माल तापवायचं मोठं बंद भांडं. त्याच्या दीड मीटर व्यासाच्या दारावर 8 बार दाब चढला की दाराला बाहेर ढकलणारं बल साधारण 144 टन होतं. ते तेलाच्या दाबावर चालणारा सिलिंडर पेलत नाही. पेलतात ते लॉकिंग रिंगचे आणि दाराचे एकमेकांत अडकलेले दाते; सिलिंडर फक्त रिंग फिरवतो. त्यामुळे माझं निम्मं लक्ष दात्यांवरच असतं.

दार लावण्याआधी ओ-रिंगची (दाराच्या गोल रबरी सीलची) खाच कोरड्या फडक्याने पुसून तिच्यात बोट फिरवतो. ओ-रिंग चपटी किंवा कडेला कुरतडल्यासारखी दिसली तर बदलायची. कुरतडलेली कड बहुतेकदा दार आणि फ्लँज (भांड्याच्या तोंडाची जाड कड) यांच्यातली फट वाढल्याची खूण असते. दाबाखाली रबर त्या फटीत घुसतं, मग नुसती नवी ओ-रिंग टाकून भागत नाही.

रिंग फिरताना पॉवर पॅकचा (सिलिंडरला दाबाचं तेल पुरवणाऱ्या पंपाचा) गेज बघत राहावा. एरवी 60 बारला फिरणारी रिंग 90 बार मागू लागली तर रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडणारी झडप) आवळू नका. आधी दात्यांवर सुकलेलं ग्रीस आणि बिजागरीवर खाली बसलेलं दार तपासा. रिंग झटके देत फिरत असेल तर तेलात हवा शिरली आहे का ते बघा. रिंग पुरती बसली हे मी दिव्यावरून ठरवत नाही. रिंग जागेवर आली की दिवा लावणाऱ्या लिमिट स्विचची पट्टी वाकली की दिवा आधीच लागतो. रिंगवरची आणि फ्लँजवरची खूण जुळलेली डोळ्यांनी बघायची, मग सेफ्टी पिन. पिस्टनचं सील आतल्या आत गळत असेल तर बाहेर तेलाचा थेंबही दिसत नाही, आणि रिंग मात्र सरकू शकते.

जास्त जपायचं ते उघडताना. 0 ते 16 बारच्या गेजवर 0.1 बार वाचताच येत नाही, काटा शून्यावरच वाटतो. पण या दारावर तेवढा दाबसुद्धा 1.8 टन बल लावतो! म्हणून व्हेंट (दाब सोडायची झडप) पूर्ण उघडल्यावर दारालगतचा टेस्ट कॉक, म्हणजे आत दाब उरला आहे का ते दाखवणारा छोटा नळ, उघडतो. त्याची नळी चोंदली असेल तरीही काहीच बाहेर येत नाही, तेव्हा प्रत्येक बॅचआधी, दार उघडं असतानाच, तिच्यात हवा मारून ठेवावी.

दार पुरतं लागल्याशिवाय दाब चढू नये आणि दाब उतरल्याशिवाय दार सुटू नये, ही एएसएमई (अमेरिकेतली यांत्रिक अभियंत्यांची संस्था) संहितेची अट इंटरलॉक पाळतो. त्याचा सेन्सर बिघडला म्हणून जंपर (सेन्सरला वगळणारी तार) टाकून बॅच काढायला मी कुणालाही देत नाही. सेन्सर बदलेपर्यंत ऑटोक्लेव्ह बंद.