तुम्ही विचारलंत म्हणून: आवाज खऱ्या जेटसारखा का येत नाही?

"खरं जेट इंजिन आहे म्हणता, मग आवाज खऱ्यासारखा का येत नाही?"

प्रत्येक उड्डाणानंतर कुणी ना कुणी हे विचारतंच. माझं रिमोटवर उडणारं, छोट्या जेट इंजिनाचं मॉडेल विमान नुकतंच उतरलेलं असतं. स्टार्टर मोटर थांबून थांबून रोटर, म्हणजे इंजिनातला फिरता भाग, फिरवत आतली उष्णता बाहेर काढत असते. तापमान शंभराच्या खाली येईपर्यंत माझी नजर आकड्यावरून हलत नाही, आणि नेमका तेव्हाच मागून प्रश्न येतो. विचारणाऱ्याच्या मनात काही वाकडं नसतं, हे मला कळतं. तरी इतकी वर्षं मी तोडून टाकणारी उत्तरं दिली. "लहान आहे ना, म्हणून." "याचा असाच असतो." एकदा तर उत्तर न देता सरळ पाठ फिरवली. आज सगळं सांगते. यातलं निम्मं मी घरातसुद्धा बोललेले नाही.

इंजिन खरं आहे, हे आधी मिटवून टाकू. जेट इंजिनाच्या जनकांपैकी एक, ब्रिटनचे फ्रँक व्हिटल, यांच्या पहिल्या इंजिनात केंद्रोत्सारी कॉम्प्रेसर होता, म्हणजे हवा मधून ओढून कडेला फेकत दाबणारं चाक. माझ्या इंजिनातही तोच प्रकार आहे. फक्त चाक ६६ मिलिमीटरचं, मोटारीच्या टर्बोचार्जरमधलं. जर्मनीच्या कुर्ट श्रेकलिंग यांनी तर प्लायवुडचं, वरून कार्बन फायबरने बांधलेलं कॉम्प्रेसरचाक वापरून छोटी टर्बाइन चालवून दाखवली. तीही खरीच होती. हवा ओढायची, दाबायची, रॉकेल जाळायचं, त्या झोतावर टर्बाइन फिरवायची आणि उरलेला जोर मागे फेकायचा. यात नकली काय आहे, ते मला कुणीतरी सांगावं.

आता आवाज. माझं इंजिन पूर्ण जोरात मिनिटाला १,२०,००० फेरे घेतं, म्हणजे सेकंदाला २,०००. कॉम्प्रेसरला सहा मोठी पाती आणि त्यांच्यामध्ये सहा आखूड. नुसती मोठी पाती धरली तरी त्यांचा सूर १२,००० हर्ट्झवर जातो. बाराही धरली तर २४,०००, म्हणजे माणसाच्या कानापलीकडे. आयडलला, म्हणजे इंजिन सगळ्यात हळू चालताना, ३६,००० फेऱ्यांवर, हेच सूर ३,६०० आणि ७,२०० वर असतात, ते सगळ्यांना ऐकू येतात. थ्रॉटल वाढवत नेला की शीळ चढत चढत जाते आणि एका टप्प्यावर ऐकणाऱ्याच्या कानातून निसटते. ती कुठे निसटते हे ज्याच्या त्याच्या वयावर आणि कानांवर अवलंबून. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग मागे राहतो तो झोताचा आवाज. नोझलमधून, म्हणजे इंजिनाच्या मागच्या तोंडातून, सुटलेला वेगवान वायू बाहेरच्या संथ हवेत घुसतो, दोन्हींच्या सीमेवर भोवरे उठतात, आणि आवाज त्या भोवऱ्यांचा असतो. भोवरे केवढे होणार हे नोझलच्या व्यासावर ठरतं. ढोबळ हिशेब असा: झोताच्या वेगाला व्यासाने भागा आणि त्याचा पाचवा हिस्सा घ्या, आवाजाचा सर्वांत जोरकस भाग त्याच्या आसपास सापडतो. साठ सेंटिमीटरचं नोझल आणि सेकंदाला ६०० मीटर वेग असेल तर २०० हर्ट्झ. तिथून खाली पसरलेली गडगड छातीत जाणवते, खिडकीची तावदानं हलवते. माझं नोझल पाच सेंटिमीटरचं, वेग ४०० मीटरच्या आसपास. उत्तर येतं १,६०० हर्ट्झ, आणि तिथून वर कित्येक हजारांपर्यंत पसरलेला फुत्कार. म्हणून ते फुसफुसतं, किंचाळतं, कान चिरतं. गडगडणं त्याच्या मापातच बसत नाही. बासरीतून नगाऱ्याचा आवाज का निघत नाही, असं आपण बासरीवाल्याला विचारतो का?

शिवाय "खरा आवाज" म्हणून तुमच्या मनात जो आहे तो कुठल्या विमानाचा? बहुधा आफ्टरबर्नर लावलेल्या, म्हणजे मागच्या झोतात आणखी इंधन जाळणाऱ्या, लढाऊ विमानाचा. ब्रिटिश गणितज्ञ जेम्स लाइटहिल यांनी १९५२ मध्ये दाखवून दिलं की झोताच्या आवाजाची शक्ती त्याच्या वेगाच्या आठव्या घाताने वाढते. वेग निम्मा केला तर आवाज २४ डेसिबलने उतरतो. प्रवासी विमानांच्या पुढचे पंखे मोठमोठे होत गेले, बरीचशी हवा जळणाला वळसा घालून हळू वेगाने मागे जाऊ लागली, आणि ती गर्जना कमी होत गेली. आज मोठं विमान उड्डाणाला निघताना पुढून जी करवतीसारखी घरघर ऐकू येते, ती पंख्याच्या पात्यांची टोकं ध्वनीच्या वेगापुढे गेल्यामुळे येते. तोही खऱ्या जेटचाच आवाज आहे. तो माझ्या विमानाकडून कुणी मागत नाही.

हे झालं सोपं निम्मं. पूर्वी मी इथेच थांबायचे आणि समोरच्याला गप्प केल्याचं समाधान मानायचे.

उरलेलं निम्मं बाबांचं आहे.

बाबांची उमेदीची वर्षं सगळी धावपट्टीच्या कडेला गेली. विमानांची चाकं, ब्रेक, पायांचे दांडे ही त्यांची कामं. इंजिनांना त्यांनी कधी हात लावला नाही, पण इंजिनं आयुष्यभर त्यांच्या डोक्यावर ओरडत राहिली. त्या काळात कानांवर मफ चढवायची सक्ती नव्हती, आणि होती तिथे कुणी पाळत नव्हतं. गोंगाटाने कान जातात ते सगळे एकदम जात नाहीत. आधी ४,००० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो, मग तो दोन्ही बाजूंना रुंदावतो, आणि वरचे सूर म्हातारपण नेतं. बाबांच्या तपासणीचा आलेख मी पाहिलेला आहे. डावीकडे, खालच्या सुरांत, रेघ जवळपास सरळ आहे. २,००० च्या पुढे ती कड्यावरून पडल्यासारखी पडते.

आता माझ्या इंजिनाचे आकडे त्या आलेखावर ठेवून पाहा. जिथे माझं इंजिन बोलतं, तिथेच बाबांना ऐकू येत नाही.

हे मला तेव्हा सुचलं नाही. चार वर्षं खपून बांधलेलं इंजिन मी त्यांना पहिल्यांदा चालवून दाखवलं तेव्हा ते आयडलला मान डोलवत होते. मी थ्रॉटल पुढे सरकवला, स्टँडवरचा जोर मोजणारा काटा ७० न्यूटनच्या पुढे गेला, आणि बाबा म्हणाले, "अगं, कमी का केलंस?" मी म्हटलं, "बाबा, वाढवलंय." ते हसले. "शिट्टी आहे गं ही. जेट छातीत ऐकू येतं."

मला ते लागलं. अनोळखी माणसांच्या प्रश्नावर मी चिडते ती त्या वाक्यामुळे, हे कबूल करायला मला बरीच वर्षं लागली.

मग मी इंजिनाच्या मागे लावायचा एक लांब पाइप बनवला. त्या वेळी मी सगळ्यांना सांगितलं की एक्झॉस्टमधल्या अनुनादाचा अभ्यास करतेय. वहीत तसंच लिहिलंय. आज ती वही उघडली की मला त्या मुलीशी भांडावंसं वाटतं. अभ्यास कसला करत होतीस? तुला बाबांच्या छातीत आवाज पोहोचवायचा होता. तेवढं सरळ लिहिलं असतंस तर पुढच्या पानावरची चूक तुझ्या लक्षात आली असती.

हिशेब चुकला नव्हता. सहाशे अंश तापलेल्या वायूत ध्वनी सेकंदाला साधारण ५८० मीटर धावतो. १२० सेंटिमीटर लांबीचा दोन्हीकडे उघडा पाइप म्हणजे २४० हर्ट्झच्या आसपासचा सूर. लाटा टोकाशी नीट परतून याव्यात म्हणून मी शेवटी तोंड जरा आवळलं. तोंड आवळलं की मागे दाब साठतो, कॉम्प्रेसरला त्या दाबाविरुद्ध हवा लोटावी लागते, हवा कमी जाते आणि तितक्याच इंधनाने आत जास्त तापतं. हे मला माहीत होतं. पहिल्या दोन चाचण्यांत ईसीयूने, म्हणजे इंजिनावर लक्ष ठेवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाने, तापमान ७०० च्या वर गेलं म्हणून इंजिन स्वतःहून बंद केलं. तिसऱ्या चाचणीआधी मी सेटिंगमध्ये गेले आणि ती मर्यादा ८५० केली.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. ईसीयूने दोनदा मला थांबवलं होतं.

तिसऱ्या चाचणीला बाबा होते. त्यांना मी पुढच्या बाजूला, चाकांच्या रेषेपासून दूर उभं केलं होतं. टर्बाइन फुटली तर तुकडे कुठे जातात हे मला ठाऊक आहे, तेवढी अक्कल जागी होती. त्यांनी इअरमफ काढून हातात धरले. "ऐकायला आलोय ना," म्हणाले. मी काढू दिले. माझे माझ्या कानांवर होते.

आयडल ठीक. ६०,००० ठीक. ८५,००० च्या पुढे खालून एक आवाज आला. खोल, लाटालाटांनी येणारा, घुमणारा. टेबल थरथरलं. मी बाबांकडे पाहिलं तर त्यांनी तळहात छातीवर ठेवला होता आणि चेहरा उजळला होता. "आत्ता!" ते ओरडले. "आत्ता कसं!"

आकडा ७४० दाखवत होता. मग ७६५. पाइपच्या तोंडाशी नारिंगी जीभ दिसायला लागली. तो घुमणारा आवाज माझ्या हिशेबातल्या २४० हर्ट्झचा नव्हता, त्याहून कितीतरी खालचा होता, आणि कान तयार असलेल्या माणसाला तेवढ्यावरूनच कळायला हवं होतं. कॉम्प्रेसर धाप टाकत होता. दाबलेली हवा थांबत होती, उलटत होती, पुन्हा जात होती, आणि ज्वाळा तिच्यासोबत मागेपुढे होत होती. माझा अंगठा थ्रॉटलवर होता. खाली ओढायला अर्धा सेकंद लागला असता. पण बाबा हसत होते. ७९०. अजून थोडं, असं मी स्वतःशी म्हटल्याचं मला स्पष्ट आठवतं.

मग एक कर्कश चिरका आवाज झाला आणि फेऱ्यांचा आकडा एकदम कोसळला. मी इंधन तोडलं. रोटर एरवी सावकाश घरंगळत थांबतो. त्या दिवशी जागीच अडकला.

टर्बाइनच्या पात्यांची टोकं आणि भोवतीचं कडं यांच्यात पाव मिलिमीटर जागा असते, आणि टोकं सेकंदाला चारशे मीटरच्या वेगाने जात असतात. तापलेली पाती ताणली गेली, लांबली, कड्याला घासली. स्टँडवरच्या कॅमेऱ्याचं ध्वनिमुद्रण मी नंतर तपासलं. घासण्याचा बारीक, उंच आवाज शेवटच्या अकरा सेकंदांत सुरू झाला होता आणि त्यात तो स्वच्छ आहे. माझ्या मफने तो अडवला. बाबांच्या कानांना तो ऐकू येण्यासारखा नव्हता. त्यांना ऐकू आला तो खालचा आवाज, म्हणजे इंजिनाची धाप.

लहानपणी बाबा मला व्हिटल यांची गोष्ट सांगायचे. १२ एप्रिल १९३७ ला इंग्लंडमधल्या रग्बी गावात त्यांचं इंजिन पहिल्यांदा चाललं, इंधनाची झडप बंद केली तरी वेग वाढतच गेला, कारण आत इंधनाचं तळं साचलं होतं. सूर चढत चाललाय हे ऐकून माणसं पळाली. गोष्ट सांगून झाली की बाबा म्हणायचे, "कान होते म्हणून पळाली." इतक्या वेळा ऐकलेली गोष्ट, आणि त्या दिवशी माझ्या उपयोगाला आली नाही.

"छान चाललं होतं, अचानक काय झालं?" बाबांनी विचारलं. मी म्हटलं, "बेअरिंग गेलं." बेअरिंग खरोखर गेलं होतं, पण ते सगळ्यात शेवटी. जो आवाज ऐकून तुम्ही छातीवर हात ठेवलात, तोच बिघाडाचा आवाज होता, हे माझ्या तोंडून निघालं नाही.

काही जण सुचवतात की पोटात स्पीकर बसवा आणि मोठ्या इंजिनाचं ध्वनिमुद्रण वाजवा. विजेच्या पंख्यांच्या विमानांत तसं करतात, त्यांच्याशी माझं भांडण नाही. माझ्याकडून ते होणार नाही. उतरल्यावर रोटर घरंगळत थांबताना मी कान देऊन उभी असते, ते अकरा सेकंद पुन्हा चुकू नयेत म्हणून. त्यावर दुसरा आवाज पांघरलेला मला सोसणार नाही. मर्यादा पुन्हा ७०० वर आहे, आणि ती बदलायचा संकेतांक मी माझ्याजवळ ठेवलेला नाही.

पण हे लिहितानाही मन एका जागी राहत नाही. बाबा म्हणाले "आत्ता कसं", तेव्हा मला जो आनंद झाला तो खोटा नव्हता. तसा मला नंतर एकाही चांगल्या उड्डाणात झालेला नाही.

एक गोष्ट राहिली. इंजिन खोललं तेव्हा बाबा टेबलाशी येऊन उभे राहिले. टर्बाइनचं चाक त्यांनी उचललं, उजेडात फिरवलं, पात्यांच्या टोकांवरच्या निळसर-जांभळ्या रंगावरून अंगठा फिरवला. जळलेले ब्रेक त्यांनी आयुष्यभर हाताळले आहेत. तापून गेलेला धातू त्यांना माझ्याआधी ओळखू येतो. चाक त्यांनी होतं तिथे ठेवलं आणि हात पुसले.

पाइप अजून माझ्या कपाटावर आडवा पडलेला आहे. परवा फोन ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, "तो लांब पाइप पुन्हा कधी लावणार आहेस?"

मी म्हटलं, "बघू."