धुकं पुसलं की...

सायलेंट हिल हा गेम १९९९ मध्ये पहिल्या प्लेस्टेशनवर आला तेव्हा गावभर धुकं होतं. भीती वाटावी म्हणून होतंच. पण लांबची घरं-रस्ते सतत काढत राहणं त्या यंत्राला झेपत नव्हतं, म्हणूनही होतं. धुक्याआडचं काहीच रंगवावं लागत नाही! २००१ च्या दुसऱ्या भागाला कितीतरी दणकट प्लेस्टेशन २ मिळालं, तरी धुकं हटलं नाही. तोवर ते त्या गावाचं होऊन गेलं होतं.

२०१२ मध्ये या गेमची एचडी आवृत्ती काढणाऱ्यांच्या हाती अंतिम सोर्स कोड (गेमचा मूळ प्रोग्राम) आलाच नाही, अर्धवट टप्प्यावरचा आला. एकदा निस्तरलेले बग त्यांना पुन्हा निस्तरावे लागले. आणि धुकं बिघडलं ते बिघडलंच.

जीटीए मालिकेतल्या सॅन अँड्रियासचं २०२१ च्या नव्या आवृत्तीत हेच झालं. मालिकेतले तीन जुने गेम तेव्हा एका संचात नव्याने काढले होते. २००४ च्या मूळ गेममधली धुरकट हवा नकाशाचा लहानपणा झाकत होती. नव्यात तेव्हा हवा लख्ख होती. गेममधल्या माउंट चिलियाड डोंगरावर चढलं की शहरं एकमेकांना खेटून बसलेली दिसायची आणि लांबच्या प्रवासाचा सगळा आव गळून पडायचा. जुनी चित्रं सॉफ्टवेअरकडून मोठी करून घेतली, तर डोनटच्या दुकानावरचा षटकोनी नट चक्क गोल झाला. दुकानाचं नाव ‘टफ नट’, त्यामुळे विनोदही गेला. पण खरा राग यावा तो वेगळ्याच गोष्टीचा: नवं येण्याआधी जुन्या आवृत्त्या डिजिटल दुकानांतून काढून घेतल्या होत्या. सायबर कॅफेत याच संचातल्या व्हाइस सिटीवर वाढलेल्या आपल्याकडच्या पिढीला रीतसर पैसे मोजून तोच गेम घ्यायचा असता, तर घेणार कुठून? ओरड झाल्यावर पीसीवर नवा संच घेणाऱ्यांना जुने गेम परत मिळाले.

पुनर्प्रकाशनाला माझा विरोध नाही. जुन्या डिस्कवर ओरखडे पडतात, कार्ट्रिजमधली सेव्हची बॅटरी संपते; विकत घेता येईल अशी चालती प्रत हवीच. हेलो या गेमच्या २०११ च्या आवृत्तीत एक बटण दाबलं की नवी चित्रं जाऊन जुनी येतात, खेळता खेळता. यापेक्षा प्रामाणिक सोय मला ठाऊक नाही.

विकत घेण्याआधी आवृत्ती कुठल्या प्रदेशाची आहे ते बघावं. युरोपातला पाल पद्धतीचा टीव्ही सेकंदाला ५० वेळा चित्र बदलायचा, अमेरिका-जपानमधला ६० वेळा. नीट न जुळवलेला पाल गेम सुमारे १७ टक्के संथ चालतो. २०१८ च्या प्लेस्टेशन क्लासिक या जुने गेम आत भरलेल्या छोट्या यंत्रातल्या २० पैकी ९ गेम पाल होते, त्यात मारामारीचा टेकन ३ सुद्धा. अशा गेममध्ये हे खपत नाही. बटण दाबल्यावर उडी उशिरा लागत असेल तर मात्र गेमला शिव्या घालण्याआधी टीव्हीचा गेम मोड चालू करावा. चित्र सुंदर करण्याच्या नादात टीव्हीच ते उशिरा दाखवत असतो.

चित्र पडदाभर ताणायचा मोह तेवढा आवरावा. जुन्या गेमचं २४० आडव्या रेषांचं चित्र चौपट केलं की ९६० रेषा होतात, म्हणजे १०८० रेषांच्या टीव्हीवर वर-खाली साठ-साठ काळ्या राहतात. राहू द्याव्यात. साडेचारपट ताणलं तर काही ठिपके चार रेषांचे, काही पाच रेषांचे होतात आणि पडदा सरकताना चित्र चुळबुळतं. २१६० रेषांच्या फोर-के टीव्हीवर ही भानगडच नाही, तिथे बरोब्बर नऊपट बसतं.