स्वस्तातली जुनी ऑल्टो: रंग राहू द्या, पाणी बघा

रोज पंधरा-वीस किलोमीटरवरचं ऑफिस गाठायला जुनी 796 सीसीची पेट्रोल ऑल्टो पुष्कळ झाली. तीन सिलिंडरचं साधं इंजिन, पार्ट तालुक्याच्या गावीही मिळतात. पण साठ-सत्तर हजारांच्या गाडीत आधी जुगाड शोधावे लागतात, आणि ते बहुतेक पाण्याच्या, म्हणजे इंजिन गार ठेवण्याच्या बाजूला सापडतात.

गाडी बघायला सकाळी जा, आणि 'आम्ही येईपर्यंत चालू करू नका' असं मालकाला सांगून ठेवा. रेडिएटरचं झाकण गार इंजिनावरच उघडायचं. आत हिरवं किंवा लाल कूलंट हवं. कोऱ्या चहासारखं तांबूस पाणी दिसलं तर वर्षानुवर्षं नळाचंच पाणी ओतलंय. मग ऑइलच्या झाकणाची आतली बाजू. जवळच्याच फेऱ्या मारणाऱ्या गाडीत तिथे थोडा पांढुरका थर येतो. डिपस्टिकवरही (ऑइल मोजायची पट्टी) तसाच फेस असेल तर हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनात पाणी आणि ऑइल वेगळं ठेवणाऱ्या पॅकिंगचा, संशय धरा आणि निघा.

आता एसी बंद ठेवून गाडी चालू करा. गार इंजिनावरच पंखा फिरायला लागला तर तो बहुधा 'डायरेक्ट' केलाय. तापल्यावर पंखा लावणारा सेन्सर किंवा रिले गेला, की दोन वायरी जोडून मोकळे होतात. याचाच भाऊ म्हणजे काढून फेकलेला थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह. 'आता गरम होत नाही' हे खरंच असतं, कारण इंजिन हवं तेवढं तापतच नाही. मग ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) जास्त पेट्रोल पाजत राहतो आणि अ‍ॅव्हरेज पडतं. नवा थर्मोस्टॅट महाग नाही. तो बसवा, रेडिएटर फ्लश करा, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा. भरताना हीटर पूर्ण गरमवर ठेवा, नाहीतर आत हवा अडकते आणि हिंजवडीच्या रांगेत काटा वर चढतो.

कोकणातली किंवा मुंबईतली गाडी असेल तर मॅट उचलून फ्लोअर बघा, बॅटरीखालचा पत्रा बघा. दाराचा गंज चालतो. शॉकअपच्या वरच्या माउंटिंगचा पत्रा सडलेला असेल तर गाडी फुकटातही नको.

कागदांत आधी आरसीची तारीख. 15 वर्षं झाली असतील तर नोंदणी नूतनीकरणाचा फॉर्म 25, तपासणी आणि पर्यावरण कर हा खर्च भावातून वजा करा. नावावर करायला फॉर्म 29 आणि 30, जुनं कर्ज चढलेलं असेल तर बँकेची एनओसी आणि कर्जाचा बोजा उतरवायचा फॉर्म 35. थकलेली चलानं व्यवहाराआधीच भरून घ्या. विमा 14 दिवसांत आपल्या नावावर करायला विसरू नका.

गाडीच्या किमतीच्या निम्मे पैसे दुरुस्तीला बाजूला ठेवा. टायमिंग बेल्टचं (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारा पट्टा) बिल नसेल तर तो बदललाच नाही असं धरून चाला. सोबत टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) आणि ऑइल सीलही टाका. खोलायची मजुरी एकदाच पडते, शिवाय सील गळलं तर नवा बेल्टही ऑइलने खराब होतो. पेट्रोलचे रबरी पाइप कडक झाले असतील तर बदलाच, हल्लीचं 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल जुन्या रबराला सोसत नाही. इंजिन ऑइल, फिल्टर, तीन प्लग आणि ब्रेक ऑइल हे न विचारता बदलायचं. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवताना कट-कट आवाज आला तर एक्सलचा जॉइंट गेलाय. नुसता जॉइंटवरचा रबरी बूट फाटला असेल तर नवं रबर आणि ग्रीसवर भागतं.

टायर 145/80 आर 12. नक्षी भरपूर दिसली तरी कडेचा चार आकडी शिक्का वाचा: 2317 म्हणजे 2017 चा तेविसावा आठवडा. असे टायर घासलेले नसतात, पण रबर कडक झालेलं असतं आणि पहिल्याच पावसात ब्रेकला घसरतात.