दोनांत अडकलेला प्रश्न कोरा सोडू नका

नीट-पीजीच्या, म्हणजे डॉक्टरांच्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेच्या, धर्तीवरचा एक प्रश्न घ्या. २२ वर्षांची मुलगी, थकवा, एमसीव्ही (तांबड्या पेशींचा सरासरी आकार) ६२, तांबड्या पेशी ५८ लाख. निदान काय? पर्याय चार: लोहाची कमतरता, थॅलेसेमिया मायनर, बी-१२ ची कमतरता, फोलेटची कमतरता. पेशी लहान आहेत म्हटल्यावर शेवटचे दोन उडाले, कारण त्यांत पेशी मोठ्या होतात. मेंट्झर इंडेक्स (एमसीव्ही भागिले तांबड्या पेशींची दशलक्षातली संख्या) आठवला, तर ६२ भागिले ५.८ म्हणजे १०.७; १३ च्या खाली, म्हणून थॅलेसेमिया मायनर. आणि नाहीच आठवला तर? अंदाजाने उत्तर द्यायचं की प्रश्न कोरा सोडायचा?

मुलामुलींच्या गुणांतला काही फरक इथे पडतो. चुकीच्या उत्तराला गुण कापले जाणार असतील, तर तेवढीच तयारी असलेल्या मुली मुलांपेक्षा जास्त प्रश्न कोरे सोडतात, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. चिलीच्या विद्यापीठ प्रवेश परीक्षेत चुकीच्या उत्तराला पाव गुण जायचा. २०१५ च्या सुमारास ही कपात बंद झाली आणि कोऱ्या प्रश्नांतली मुलामुलींमधली तफावत खूपच कमी झाली. मुलींचा अभ्यास एका वर्षात वाढला नव्हता, नियम बदलला होता.

म्हणून ‘मुली थिअरीत हुशार, एमसीक्यू (बहुपर्यायी प्रश्न) मुलांचा प्रांत’ हे वाक्य आम्हाला खटकतं. फरक पेपरच्या घडणीनुसार बदलतो. ब्रिटनमध्ये एमआरसीपी या डॉक्टरांच्या पदव्युत्तर परीक्षेतल्या पेसेससारख्या, प्रत्यक्ष रुग्णासमोर होणाऱ्या परीक्षेत स्त्रिया सरस ठरल्या आहेत. आणि टोकियो मेडिकल युनिव्हर्सिटीत तर फरक मुद्दाम घडवला गेला. २०१८ च्या प्रवेशाला तिथे सगळ्यांच्या निबंधाचे गुण ०.८ ने गुणले आणि मग वरून २० पर्यंत गुण वाढवून दिले, पण फक्त मुलांना. त्यातही वारंवार नापास झालेल्यांना वगळून. असा अन्याय त्या मुलींना कितीही अभ्यास करून भरून काढता आला नसता.

कोऱ्या प्रश्नांचं मात्र आपल्या हातात आहे. नीट-पीजीत बरोबर उत्तराला ४, चुकीला उणे १. दोन पर्याय उडवून उरलेल्यांतला एक निवडला, तर सरासरी दीड गुण मिळतो. एकच उडवता आला, तर ०.६७. डोळे मिटून ठोकला तरी पाव गुण. म्हणजे १०० पैकी २० उत्तरं बरोबर आली तरी तोटा नाही. दोनांत अडकलेले २० प्रश्न कोरे सोडले, तर सरासरी ३० गुण सोडले. ते २० सोडवून तोटा व्हायला १७ किंवा जास्त चुकावे लागतात, आणि तशी शक्यता हजारात एखादीच. आयएनआय-सीईटीत (एम्ससारख्या संस्थांची पदव्युत्तर प्रवेश परीक्षा) बरोबरला १ आणि चुकीला एक-तृतीयांश वजा, त्यामुळे तिथे आंधळ्या तुक्क्याचा फायदा शून्य. पण एक पर्याय जरी नक्की उडाला, तरी उत्तर द्यावंच.

हे गणित नुसतं वाचून हात मोकळा होत नाही, सवय लावावी लागते. प्रत्येक मॉकमध्ये (सराव परीक्षेत) प्रश्नापुढे खूण करा: पक्का, दोनांत अडकलेला, तीनांत अडकलेला, अजिबात माहीत नसलेला. मॉकमध्ये चौथ्या गटासकट सगळ्यांना उत्तर द्या आणि नंतर गटवार किती बरोबर आले ते मोजा. पाचेक मॉकनंतर स्वतःचे आकडे समोर आले की ‘माझा अंदाज नेहमी चुकतो’ ही समजूत टिकते का, ते कळेल. ‘दोनांत’ गटात निम्म्याहून बरेच कमी बरोबर येत असतील, तर दोष धाडसाचा नाही. तुम्ही बरोबर पर्यायच आधी उडवताय. मग तो विषय पुन्हा वाचायला घ्या.

वेळेचीही एक गफलत होते. नीट-पीजीचा पेपर भागांत विभागलेला असतो आणि भागाची वेळ संपली की मागे जाता येत नाही. ‘नंतर बघू’ म्हणून ठेवलेले प्रश्न तसेच राहतात. त्यामुळे पहिल्याच वाचनात जवळचा वाटेल तो पर्याय आधी भरा, मग रिव्ह्यूची (पुन्हा बघण्याची) खूण करा.