श्रावणातली रायफल

घरच्या ग्रुपवर फोटो टाकला तेव्हा वाटलं होतं, मागची हिमनदी बघून सगळे हरखतील. हिमनदी कुणी बघितलीच नाही, सगळ्यांना माझ्या खांद्यावरची रायफल दिसली. 'शिकायला गेलीस की शिकारीला?' काकांनी विचारलं. आत्याने आठवण करून दिली, श्रावण चालू आहे आणि तू माळकऱ्याची लेक आहेस. आबांनी काहीच लिहिलं नाही. तेच जास्त लागलं.

इथे नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर, ७८ अंश उत्तरेला, लाँगयिअरब्येन या गावाची वस्ती संपते तिथे पांढऱ्या अस्वलाच्या चित्राची पाटी आहे. तिच्या पलीकडे जायचं तर अस्वलाला हुसकावायचं साधन जवळ हवंच, असा कायदा आहे. बंदूकही न्या, असं गव्हर्नरचं कार्यालय सांगतं. ती भाड्याने मिळते, पण ज्याच्याकडे शस्त्रपरवाना नाही त्याला आधी त्याच कार्यालयाची परवानगी काढावी लागते. आम्हा विद्यार्थ्यांना फील्डवर्कच्या आधी सुरक्षेचा कोर्स करावा लागतो, रायफल तिथेच शिकवतात. पहिल्या दिवशी खांदा काळानिळा झाला होता.

सगळ्यात जास्त घोटून घेतात ते गोळी न झाडणं. मॅगझिनमध्ये गोळ्या, पण चेंबर, म्हणजे गोळी झाडली जाते ती नळीतली जागा, रिकामं. बर्फावर पाय घसरून बंदूक आपटली तरी बार उडता कामा नये. गावात शिरताना गोळ्या बाहेर. दुकानांच्या दारावर बंदूक आत आणू नका म्हणून पाट्या. अस्वल लांब दिसलं की आपण मागे फिरायचं. २०२५पासून तर किमान ३०० मीटर अंतर ठेवायचा नियम आहे, मार्च ते जून ५०० मीटर. तरीही ते जवळ आलं तर आधी आरडाओरडा, मग फ्लेअर पिस्तुलाचा आवाज आणि उजेड. रायफल सगळ्यात शेवटी. अस्वल मारलं गेलंच तर चौकशी होते, कारण १९७३पासून ते संरक्षित आहे.

कुणी म्हणेल, आपल्याकडे जुन्नरात बिबटे आहेतच की. आहेत. आमच्या ओतूरकडच्या मळ्यात आबा रात्रीच्या लाइटला उसाला दारं धरायला जातात ते बॅटरी, काठी आणि मोबाइलवर मोठ्याने लावलेले अभंग घेऊन. त्यांच्यासारखं काळीज इथल्या कुणाचं नाही, हे मी कुठेही सांगेन. पण बिबट्या साठ-सत्तर किलोचा आणि बहुतेकदा माणसाला टाळणारा. इथला नर चारशे किलोच्या पुढेही जाणारा, आणि माळरानावर चढायला एक झाड नाही. ऑगस्ट २०२०मध्ये विमानतळाजवळच्या कॅम्पिंगच्या जागेत अस्वलाने तंबूतल्या माणसाचा जीव घेतला. काठी घेऊन मी इथे झोपू शकत नाही. याला भित्रेपणा म्हणायचं तर म्हणा.

फील्डवर्कमधल्या एका रात्री तंबूवर पहारा माझा होता, दोन ते चार. रात्र म्हणजे घड्याळातली. सूर्य वरच होता. तंबूभोवती सापळ्याची तार, तिला पाय लागला की बार उडतो. तीनच्या सुमाराला ओढ्यापलीकडे पांढुरकं काहीतरी हललं. माझा हात रायफलकडे गेला नाही. शिकवलं तसं मी आधी सगळ्यांना उठवलं, मग फ्लेअर पिस्तूल हातात घेतलं. दुर्बिणीतून बघितलं तर रेनडिअर. पाच जणांची झोपमोड झाली होती, पण कुणी कपाळाला आठी घातली नाही. आमच्या गटप्रमुख बाईंनी स्टोव्ह पेटवून मला आधी कॉफी दिली आणि म्हणाल्या, पुढच्या वेळीही असंच उठव.

हे सगळं मी काल आबांना फोनवर सांगितलं. ते कधी मध्ये बोलत नाहीत, कालही बोलले नाहीत. मी थांबल्यावर त्यांनी विचारलं, "वजन किती असतं गं तिचं?"

"चारेक किलो."

"दिवसभर खांद्यावर?"

"हो आबा."

"मग आईला सांगतो, तेल पाठव म्हणून. खांदा चोळत जा रात्री."