केआय-६७ शून्य आलं तेव्हा

स्तनातल्या नलिकेच्या आतच असलेला, तिची भिंत न ओलांडलेला कर्करोग म्हणजे डीसीआयएस. पाळी थांबलेल्या या बाईंना सुईची बायोप्सी झाल्यापासून ऑपरेशनपर्यंत चार आठवडे रोज २.५ मिलिग्रॅम लेट्रोझोल (इस्ट्रोजेन कमी करणारी गोळी) दिलं होतं. एवढ्यात आजार नाहीसा होईल अशी अपेक्षा नसते, मॅमोग्राफीतले कॅल्शियमचे कणही तसेच दिसतात. बघायचं असतं ते पेशींची वाढ मंदावली का. त्यासाठी केआय-६७चं स्टेनिंग: विभाजनाच्या चक्रात असलेल्या पेशींचं केंद्रक तपकिरी होतं.

बायोप्सीत १८ टक्के होतं, ऑपरेशनच्या ब्लॉकमध्ये (मेणात बसवलेल्या तुकड्यात) शून्य. औषध लागू पडलं, असं लिहायचा मोह होण्यासारखाच आकडा. पण त्याच ब्लॉकच्या साध्या स्लाइडवर एका नलिकेत पेशी दुभंगताना स्वच्छ दिसत होती, रंगसूत्रं मध्यावर ओळीने लागलेली. अशी पेशी केआय-६७ घेतेच. शेजारच्या निरोगी नलिकांतलं ईआरही, म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टरचं स्टेनही, फिकट होतं. म्हणजे गडबड स्टेनमध्ये होती.

कारण डब्यात होतं. काढलेला भाग न कापता, अख्खाच फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे ऊती टिकवणाऱ्या द्रावणात, टाकला होता. फॉर्मॅलिन तासाला जेमतेम १ मिलिमीटर आत शिरतं, चरबीत त्याहून हळू. मध्यभाग तोवर खराब होतो आणि केआय-६७ आपोआप घसरतं. बायोप्सीचा बारीक तुकडा मात्र लगेच मुरतो. त्यामुळे गोळी न घेताही ‘आधी-नंतर’मध्ये घट दिसू शकते, आणि हे मला फार धोक्याचं वाटतं.

मग कडेचा, नीट मुरलेला ब्लॉक घेतला. बायोप्सीचा ब्लॉकही पुन्हा कापून दोन्ही एकाच खेपेत रंगवले. सुई गेलेली जागा टाळली, कारण तिथे जखम भरणाऱ्या पेशी वाढत असतात. फक्त नलिकेतल्या १००० पेशी मोजल्या. बायोप्सी पुन्हा १८, नंतरचं ६. घट खरी होती, शून्य खोटं.

सगळ्या ब्लॉकवर नलिकेभोवतीचा थर दाखवणारं पी६३चं स्टेनही केलं. तो थर कुठेही तुटलेला नव्हता. हे टाळून चालत नाही, सुईच्या बायोप्सीत आक्रमक, म्हणजे भिंत ओलांडलेला, भाग हुकू शकतो. सीएएलजीबी ४०९०३ या अभ्यासात सहा महिने लेट्रोझोलनंतर ऑपरेशन झालेल्या ५९ जणींपैकी ९ जणींत डीसीआयएस उरला नव्हता, पण ६ जणींत आक्रमक कर्करोग निघाला.

रिपोर्टमध्ये दोन्ही आकडे ब्लॉक क्रमांकासह दिले. सोबत ऑपरेशन थिएटरला चिठ्ठी: भाग काढल्याची वेळ लिहा, तासाभरात लॅबला पोचवा. कडांना शाई लावून ५ मिलिमीटरच्या चकत्या आम्ही करू, दसपट फॉर्मॅलिनमध्ये ठेवू आणि ६ ते ७२ तासांत बाहेर काढू.