पहिला डाव मराठीत खेळा

डंजन्स अँड ड्रॅगन्स शिकायचंय असं कुणी म्हणालं, की मी त्याला नियमांचं पुस्तक देत नाही. रविवारी दुपारी कोथरूडला आमच्या घरी ये, म्हणते. हा खेळ खेळतच शिकायचा.

1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी तो बाजारात आणला. गाभा आजही तोच आहे. एकजण गोष्ट चालवतो, तो डंजन मास्टर, म्हणजे डीएम. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि आपण काय करतो ते सांगतात. आताच्या नियमांत, जमेल की नाही याची खात्री नसेल तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात पात्राच्या अंगच्या गुणाचा आकडा मिळवायचा आणि डीएमने ठरवलेला आकडा गाठायचा. पहिल्या दिवशी एवढं कळलं तरी पुष्कळ झालं.

माझा आग्रह आहे तो मराठीचा. इंग्रजीत बोलायचं म्हटलं की नवी माणसं गप्प बसतात, आणि या खेळात बोलणं हीच चाल असते. शिवाय किल्ला कसा असतो हे पुण्यातल्या पोरांना सांगावं लागत नाही. मी गोष्टीतला गड सरळ सिंहगडावरून घेतला: पुण्याकडचा दरवाजा, कल्याणकडचा दरवाजा, पाण्याची टाकी आणि सरळसोट कडा.

माझी भाची पहिल्यांदाच खेळत होती. म्हणाली, "मावशी, दरवाजावर पहारा असणारच. मी कड्यावरून चढते." 1670 ची तानाजीची चढाई तिला तोंडपाठ. मी 15 चा आकडा लावला. तिच्या लढवय्यीला चढण्यासाठी 5 मिळत होते, फाशावर पडले 8. बेरीज 13. अशा वेळी नवख्या खेळाडूला खाली पाडून गोष्ट थांबवू नये, असं माझं ठाम मत आहे. ती चढलीच, पण पायाखालचा दगड सुटला आणि पहारेकरी मशाल घेऊन कड्याशी आला. सगळे टेबलावर पुढे सरकले. तोवर गप्प असलेला तिचा मित्र, जादूगार झालेला, हळूच म्हणाला, "मायनर इल्युजनने मागच्या झुडपात बिबट्याची गुरगुर काढता येईल?" हा आवाजाचा किंवा चित्राचा भास करणारा छोटा मंत्र. येते! पहारेकरी तिकडे वळला आणि ही वर पोचली. यातलं काहीच मी लिहून आणलेलं नव्हतं.

सामान फारसं लागत नाही. पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम इंटरनेटवर फुकट मिळतात, तयार पात्रंही मिळतात. पहिल्या डावाला तयार पात्रच घ्या, नाहीतर अख्खी दुपार कागद भरण्यात जाते. सात फाशांचा एक संच चौघांत पुरतो. नकाशाला अप्पा बळवंत चौकातून चौकटीची वही आणा.

पुढच्या रविवारी भाची स्वतः डीएम होणार आहे. तिने राजगड निवडलाय, आणि मला चोर व्हायला सांगितलंय.